गुलाबी धाव आणि हाताला लागणारी गाठ

स्तनकर्करोगाची जागृती व्हावी म्हणून लोकांनी एकत्र धावायचे, हा प्रकार जेमतेम चार दशकांचा आहे. अमेरिकेतील सुझन कोमेन ही स्त्री १९८० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी या आजाराने गेली. तिची बहीण नॅन्सी ब्रिंकर हिने १९८२ मध्ये तिच्या नावाने संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी टेक्सस राज्यातील डॅलस शहरात पहिली धाव भरवली. त्या दिवशी ८०० जण धावले. ब्रिटनमध्ये अशी पहिली धाव १९९४ मध्ये लंडनच्या बॅटरसी पार्कात झाली आणि तिला काहीशे जणी आल्या. गुलाबी फितीचा जन्म या दोन धावांच्या मधला, १९९२ चा. शार्लट हेली नावाच्या एका वयस्क अमेरिकन बाईने घरी बसून पिवळट-केशरी फिती बनवल्या होत्या आणि सरकारने कर्करोग टाळण्यावर अधिक पैसा खर्चावा अशी मागणी ती त्यांच्यासोबत वाटत होती. एका मासिकाला आणि एका प्रसाधन कंपनीला ती फीत हवी होती. हेलीने धंद्यात पडायला नकार दिला, तेव्हा वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलला आणि फीत गुलाबी झाली. आज धावेतल्या बनियनपासून फुग्यांपर्यंत जो रंग दिसतो, त्याच्या मुळाशी हा नकार आहे.

आजारी माणसाने स्वतः धावून लोकांना जागे करायचे, ही कल्पना मात्र याच्याही आधीची आणि वेगळ्या कर्करोगातून आलेली आहे. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने कृत्रिम पायावर देश ओलांडायला सुरुवात केली. रोज साधारण एक मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरच्या आसपास, असे तो १४३ दिवस पळाला. ५,३७३ किलोमीटर झाल्यावर १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले, कारण कर्करोग फुप्फुसात पसरला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो वारला. त्याच्या नावाने जगभर धावा होतात. मुंबईतही झाल्या आहेत. या गोष्टीकडे बहुधा जिद्दीची कहाणी म्हणून पाहिले जाते. वैद्यकीय दृष्टीने तिच्यात आणखी एक गोष्ट आहे: धावण्याने त्याचा कर्करोग थांबला नाही आणि थांबेल असा त्याचा दावाही नव्हता. तो पैसा आणि लक्ष गोळा करत होता. जागृतीची धाव आणि औषध म्हणून केलेला व्यायाम या दोन गोष्टी पुढे इतक्या मिसळल्या गेल्या, की त्या सुट्या करूनच पाहाव्या लागतात.

भारतात रस्त्यावर धावण्याची आजची लाट २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने आणली. फक्त स्त्रियांसाठी आणि स्तनकर्करोगाच्या नावाने होणारी मोठी धाव म्हणजे पिंकेथॉन. मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी ती २०१२ मध्ये मुंबईत सुरू केली आणि पुढे ती पुणे, दिल्ली, बंगळुरू अशा शहरांत पोचली. तिची अंतरे लहान ठेवलेली होती, ३ आणि ५ किलोमीटरपासून पुढे. आयुष्यात कधी न पळालेल्या, घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी येता यावे, हा त्यामागचा हिशेब. साडीतल्या बायका, बाळाला अंगाशी बांधून चालणाऱ्या आया, दृष्टिहीन स्त्रिया आणि केमो संपवून आलेल्या स्त्रिया एकाच रेषेवर उभ्या राहिल्या. मिलिंद सोमण यांच्या आई उषा सोमण २०१६ मध्ये साडीत, अनवाणी आपल्या मुलाबरोबर पळाल्या. त्याची चित्रफीत गावोगावच्या मोबाइलवर पोचली, आणि पिंकेथॉनचे नाव ठाऊक नसलेल्या घरांतही ती पाहिली गेली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या काष्टी गावच्या माणसाला मात्र धावणारी बाई म्हटले की बहुधा जवळच्या बारामतीची लता करे आठवते. २०१३ मध्ये, साठी ओलांडलेल्या वयात, शेतमजुरी करणाऱ्या या बाई नऊवारी नेसून अनवाणी बारामतीच्या शर्यतीत उतरल्या आणि ज्येष्ठांच्या ३ किलोमीटरच्या गटात पहिल्या आल्या. बक्षीस ५,००० रुपयांचे होते. नवऱ्याच्या एमआरआय तपासणीला पैसे नव्हते, म्हणून त्या पळाल्या होत्या. पुढच्या वर्षीही त्या जिंकल्या. त्यांच्यावर निघालेल्या ‘लता भगवान करे’ या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. या धावेचा स्तनकर्करोगाशी संबंध नाही. पण ग्रामीण महाराष्ट्रात आजारपण आणि धावणे यांची गाठ कुठे पडते, ते तिच्यात दिसते. शहरातली बाई दुसऱ्यांना जागे करायला पळते. इथे तपासणीचा खर्च हाच पळण्याचे कारण होता. पुढचा सगळा विचार या फरकाला धरूनच करावा लागतो.

आजाराचे आकडे आधी पाहू. २०२२ मध्ये जगात स्तनकर्करोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण झाले आणि जवळपास ६ लाख ७० हजार मृत्यू. भारतात त्याच वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो झाला आणि ९८ हजारांहून अधिक दगावल्या. भारतीय स्त्रियांत आता हाच सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. रुग्णांत साधारण शंभरात एक पुरुष असतो. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतातल्या रुग्णांचे वय सरासरी दहाएक वर्षांनी कमी असते, आणि जवळजवळ निम्म्या स्त्रिया तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात रुग्णालयाची पायरी चढतात. परिणाम असा, की २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या भारतीय स्त्रियांपैकी पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण ६६ टक्के होते; अमेरिकेत ते ९० टक्के होते. औषधे दोन्हीकडे बरीचशी तीच होती. फरकाचा मोठा भाग उशिराचा आहे. आणि उशीर कमी करायचा तर ज्या स्त्रीला काहीच होत नाही तिने छाती तपासून घ्यायला हवी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अशी तपासणी एकदा तरी झालेल्या शंभरात एकही निघाली नाही, आकडा ०.९ टक्के आहे.

खेड्यात हा आजार कमी असतो, अशी समजूत आहे आणि ती चूक नाही. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. शेतीवर जगणाऱ्या गावांतला प्रत्येक कर्करोग शोधून लिहून ठेवणे हे तिचे काम. बार्शीच्या नोंदीत स्तनकर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी राहिले आहे. लवकर लग्न, कमी वयात पहिले मूल, अधिक बाळंतपणे आणि दीर्घकाळ अंगावर पाजणे या गोष्टी धोका कमी करतात. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार, अंगावर पाजलेल्या दर १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. पण ही ढाल झिजत चालली आहे. मुली शिकतात, लग्न उशिरा होते, मुले एक-दोनच, आणि वजन वाढते. पाळी गेल्यानंतरची चरबी हा स्वतंत्र धोका आहे. मुलींच्या शिक्षणासाठी हे मोल कुणीही आनंदाने द्यावे. पण आजार वाढणार हे धरून चालावे लागेल.

जागृतीने खरोखर काही बदलते का, या प्रश्नाचे एक जुने आणि नेमके उत्तर बार्शीतच मिळाले आहे. नोंदणीसाठी गावोगाव फिरणारे कार्यकर्ते लोकांशी बोलत, लक्षणे समजावत, तपासणीला येण्याचा आग्रह धरत. यंत्र नव्हते, सरसकट तपासणीही नव्हती. तरीही काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, आणि १९९५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यानंतर अशा स्त्रिया अधिक काळ जगत असल्याचेही नोंदले गेले. हा दुसरा कर्करोग होता, हे खरे. पण माणसाने माणसाशी, त्याच्याच दारात, त्याच्याच बोलीत बोलल्याने उशीर कमी होतो याचा महाराष्ट्राच्या खेड्यातला हा पुरावा आहे. मोठ्या धावेच्या बाजूने इतका थेट पुरावा कुणी दाखवू शकलेले नाही.

स्तनाच्या बाबतीत दोन मोठे प्रयोग महत्त्वाचे. पहिला चीनमधल्या शांघायचा. कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांपैकी निम्म्यांना स्वतःची छाती कशी तपासायची हे नीट शिकवले गेले. २००२ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतले मृत्यू सारखेच निघाले. शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींसाठी चिरफाड मात्र जास्त झाली. तेव्हापासून डॉक्टर महिन्याच्या ठरावीक तारखेला, ठरावीक पद्धतीने करायच्या तपासणीचा आग्रह धरत नाहीत. आपली छाती नेहमी कशी असते हे ओळखून असावे आणि वेगळे काही वाटले तर दाखवावे, एवढेच सांगतात. दुसरा प्रयोग मुंबईचा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार स्त्रियांना दोन गटांत घेतले. एका गटात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने छाती तपासली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये निकाल मांडला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७. एकूण मृत्यूंतली १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफी यंत्र जवळ नसलेल्या तालुक्यासाठी हा निकाल सोन्यासारखा आहे. त्यासाठी लागतो तो शिकलेला हात, आणि त्या हातापुढे बसायला तयार असलेली बाई.

ही तयारी होत नाही, त्याची कारणे बरीचशी भाषेत सापडतात. मराठीत ‘स्तन’ हा शब्द पुस्तकात आणि फलकावर असतो. घरात बाई ‘छाती’ म्हणते, नाहीतर ‘अंगावर गाठ आलीय’ असे मोघम बोलते, आणि पुष्कळदा बोलतच नाही. मूल पाजत असेल तर ‘दूध साकळलंय’ हे कारण हाताशी असते. आजार लपवून काम रेटण्याला ‘अंगावर काढणे’ म्हणतात, आणि या आजारात तो शब्दप्रयोग अक्षरशः खरा होतो. त्यात कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखणे हीच आजाराची खूण मानणाऱ्या घरात न दुखणाऱ्या गाठीसाठी दवाखान्यात जाणे म्हणजे रिकामपणाचे लक्षण ठरते. सुई घालून तपासले की किंवा हत्यार लागले की रोग पसरतो, ही समजूत सर्वत्र आहे आणि खोटी आहे. सुईने घेतलेल्या तुकड्यावरच उपचार ठरतात. गाठीखेरीज कातडी आत ओढली जाणे, संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडणे, बोंड आत वळणे किंवा त्यातून रक्तासारखा स्राव येणे, काखेत गाठ लागणे या खुणा आहेत. दहा गाठींपैकी बहुतेक कर्करोगाच्या नसतात. पण हे घरी बसून ठरत नाही.

काष्टीत या विषयावर बोलायला एक वेगळी वाट आहे. श्रीगोंदे तालुक्यातले हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते. दौंड ते अहिल्यानगर रस्त्यावर आणि लोहमार्गावर असल्याने लांबून बैल, गाई, म्हशी इथे येतात. दुभती गाय घेणारा दात पाहतो, मग कास चाचपतो. कासेत कुठे कठीणपणा आहे का, चारही सड मोकळे आहेत का, हे हात फिरवल्याशिवाय सौदा होत नाही. गोठ्यातली बाई रोज पहाटे हेच करते. कासेला दगडी झाली तर ते घरात सगळ्यांच्या आधी तिच्या बोटांना कळते, आणि त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर बोलावला जातो, कारण दूध बुडाले तर हप्ता बुडतो. म्हणजे बोटांनी फरक ओळखण्याचे कसब या भागात घरोघर आहे. तेच कसब स्वतःच्या अंगाकडे वळवा, असे सांगणारी आशा सेविका कुठल्याही भित्तिपत्रकापेक्षा लवकर समजेल.

धावणे हे गावाला नवे नाही, पण ते कुणाचे हे ठरलेले आहे. पहाटे पाचला डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी ती भरतीची पोरे. पोलिस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. त्यामुळे आता पोरींचे पळणेही लोकांच्या डोळ्यांना सवयीचे झाले आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातून आलेला अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक घेऊन आला, तेव्हा धावण्याला मानही आला. हे सारे पळणे विशीच्या आतबाहेरचे आणि कशाच्या तरी तयारीचे. चाळीस वर्षांची, दोन मुलांची आई विनाकारण पळताना दिसली तर चावडीवर चर्चा होते. शहरी धाव जशीच्या तशी इथे आणून चालत नाही, त्याचे हे एक कारण. दुसरे वेळापत्रकाचे. जागृतीचा महिना जगाने ऑक्टोबर ठरवला आहे. घोड धरणाच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या या पट्ट्यात पावसाळा सरताच काढणी, पेरणी आणि मग गाळपाचा हंगाम लागतो, ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मार्चमधला महिला दिन किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस इथे अधिक सोयीचे. चालण्याला मात्र कुणाचा आक्षेप नसतो. वारीच्या परंपरेत वाढलेल्या बाईला रोज वीस किलोमीटर चालण्याचे भय वाटत नाही. ३ किलोमीटर चालत जाऊन आरोग्य केंद्राच्या दारात संपणारी फेरी तिला परकी वाटणार नाही.

आता व्यायामाचा औषधी भाग. धडधाकट स्त्रीत नियमित शारीरिक हालचाल स्तनकर्करोगाचा धोका थोडा कमी करते. तो शून्यावर येत नाही, आणि धावणाऱ्या स्त्रियांनाही हा आजार होतो. आजार झाल्यानंतरचे चित्र अधिक आशादायक आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातल्या २,९८७ रुग्ण स्त्रियांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला तीन ते पाच तास मध्यम चालीने चालण्याइतका व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत आजाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत कमी होते, आणि त्याहून जास्त व्यायामाने आणखी फायदा दिसला नाही. अर्थात ज्यांची तब्येत बरी त्याच अधिक चालतात, ही शंका अशा पाहणीत उरतेच. २०२५ मध्ये आतड्याच्या कर्करोगावरच्या ८८९ रुग्णांच्या प्रयोगाने ती बऱ्यापैकी दूर केली. तीन वर्षे आखून दिलेला व्यायाम करणाऱ्या गटात आठ वर्षांनी ९० टक्के रुग्ण हयात होते, फक्त माहितीपत्रक मिळालेल्या गटात ८३ टक्के. स्तनासाठी इतका पक्का प्रयोग हाती येईपर्यंत डॉक्टर थकवा, झोप, मन आणि सांधे यांवरच्या सिद्ध परिणामांसाठीच व्यायाम सांगतात. तेवढे कारण पुरेसे आहे. आठवड्यात तीन वेळा अर्धा तास दम लागेल असे चालणे आणि दोन वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, अशी आज सर्वमान्य शिफारस आहे.

उपचार घेतलेल्या बाईने पळायला सुरुवात करताना शरीरातल्या चार जागा सांभाळाव्या लागतात. पहिली जागा हात. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे किरणोपचार, म्हणजे बोलीत ‘लाईट’ किंवा ‘शेक’, दिला, तर लसिका तुंबून हात सुजू शकतो. ‘त्या हाताने काही उचलायचं नाही’ असे पूर्वी सरसकट सांगितले जाई, आणि धुणे, पाणी, गवताचा भारा ज्यांच्या वाट्याला आहे त्यांना ते पाळणे अशक्य होते. १९९६ मध्ये कॅनडात डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झालेल्या २४ स्त्रियांना लांब होडी वल्हवायला बसवले. कुणाचाही हात बिघडला नाही. २००९ मध्ये सूज आलेल्या १४१ स्त्रियांवरच्या अमेरिकन प्रयोगात हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रमाण व्यायाम न केलेल्या गटात २९ टक्के, तर केलेल्या गटात १४ होते. जखम, भाजणे आणि काट्याचे ओरखडे मात्र टाळायचे. शेतात ते सर्वांत अवघड.

दुसरी जागा हृदय. लाल रंगाचे जे केमोचे औषध सलाईनमधून जाते, ते आणि ट्रॅस्टुझुमॅब हे औषध यांनी काहींच्या हृदयाची ताकद घटते, म्हणून आधी आणि अधूनमधून इको तपासणी होते. केमो संपल्यावर जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल, पायांवर सूज असेल, तर पळण्याच्या आधी इको. तिसरी हाडे: पाळी गेलेल्या स्त्रियांना पाच वर्षे किंवा अधिक काळ दिल्या जाणाऱ्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी सांधे धरतात आणि हाडे विरळ होतात. सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत, अशी तक्रार घेऊन पुष्कळजणी गोळी सोडून देतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नियमित चालणे आणि वजनांचा व्यायाम यांनी ही दुखी कमी झाली, तेव्हा इथे व्यायाम गोळी चालू ठेवायला मदत करतो असे म्हणता येते. आजार हाडात पसरला असेल तर उड्या आणि पळणे बंद. चौथे पाऊल. काही औषधांनी तळवे बधिर होतात. मातीच्या ढेकळांवर किंवा डांबराच्या तुटक्या कडेवर तोल जातो. अनवाणी धावणे कितीही देखणे दिसले, तरी बधिर पायाला लागलेला काच बाईला कळतसुद्धा नाही. केमो चालू असताना ताप आला तर त्या दिवशी व्यायामाचा विषयच नाही, थेट रुग्णालय गाठायचे.

स्तनकर्करोग नसला तरी धावायला उभ्या राहिलेल्या बाईच्या अंगात दुसरे काही असतेच. वर आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. रक्त कमी असलेल्या बाईला दोनशे पावलांत धाप लागते आणि तिला वाटते आपल्याला पळणे जमत नाही. तिला आधी लोहाच्या गोळ्या हव्यात. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, झिजलेले गुडघे ही नेहमीची यादी. ऊसपट्ट्यात आणखी एक गोष्ट भर घालते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, पुष्कळांची तरुणपणीच. त्याबरोबर अंडाशयेही गेली असतील तर हाडे वेळेआधी ठिसूळ होतात. या बायका दिवसभर मोळ्या उचलतात. त्यांना व्यायाम सांगणे ही थट्टा होईल. तपासणीची गरज मात्र त्यांनाही तेवढीच.

कपड्यांचा प्रश्न किरकोळ समजला जातो, पण तो तसा नाही. धावताना छाती हलते आणि दुखते, एवढ्यानेच कित्येकजणी पहिल्या आठवड्यात थांबतात. खेळासाठीची पहिली घट्ट चोळी १९७७ मध्ये अमेरिकेत तीन स्त्रियांनी बनवली, तीही पुरुष खेळाडूंच्या दोन आधारपट्ट्या एकमेकींना शिवून. स्तन काढलेल्या स्त्रीला एका बाजूचे वजन नसल्याने खांदा झुकतो, पाठ भरते. सिलिकॉनचे तयार अंग महाग असते. सुती चोळीत कप्पा शिवून त्यात कापूस किंवा मोहरी भरलेली उशी घालणे हा घरगुती उपाय चालतो, आणि धावताना ती वर सरकू नये म्हणून कप्प्याला आतून टाके घालावे लागतात. गावातली शिंपीण हे एका दुपारी करून देईल, फक्त तिला सांगायला कुणीतरी हवे.

या साऱ्या चळवळीवर टीकाही जुनी आहे. ऑक्टोबर महिन्याची प्रथा १९८५ मध्ये ज्या कंपनीच्या सहभागाने सुरू झाली, तीच कंपनी या आजारावरचे टॅमॉक्सिफेन विकत होती. गुलाबी रंग लावून काहीही खपवण्याच्या प्रकाराला अमेरिकेतल्या रुग्णांच्याच एका संघटनेने ‘गुलाबी सफेदी’ अशा अर्थाचे नाव दिले. २०१० मध्ये तळलेल्या कोंबडीचे गुलाबी डबेसुद्धा याच नावाखाली विकले गेले. भारतात धोका जरा वेगळा आहे. इथे धावेला येणारी बाई बहुधा आधीच जागी असते, आणि जिला जागे करायचे ती त्या सकाळी धारा काढत असते. बनियने किती वाटली याची मोजदाद होते. धावेनंतर महिनाभरात किती जणींनी छाती दाखवली, किती गाठी निघाल्या आणि त्यांतल्या किती जणी उपचारापर्यंत पोचल्या, हे क्वचितच मोजले जाते.

यंत्रणा कागदावर तरी तयार आहे. २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी आहे. आशा सेविका घरी येऊन प्रश्नावली भरते, त्यात छातीतल्या गाठीचा प्रश्न असतो. हाताने तपासणी आरोग्य केंद्रात दर पाच वर्षांनी करायची. प्रश्नावली कधीकधी अंगणात, सासऱ्यांसमोर भरली जाते, आणि त्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. गाठ निघालीच तर सोनोग्राफी, चाळिशीपुढे मॅमोग्राफी, आणि सुईने तुकडा. पुढच्या उपचारांसाठी काष्टीकडून लोक अहिल्यानगरला, लोणीला, दौंडहून रेल्वेने पुण्याच्या ससूनला, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात, नाहीतर थेट परळच्या टाटाला जातात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार बसतात, आणि २०२३ मध्ये कुटुंबामागची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाख करण्याचा निर्णय झाला. जेवण, भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि मागे राहिलेल्या गाईंच्या धारा योजनेत बसत नाहीत. किरणोपचार पूर्वी पाच आठवडे रोज घ्यावे लागत. आता पुष्कळ रुग्णांना तीन आठवड्यांत, पंधरा-सोळा बैठकांत ते पुरे होतात. घरापासून लांब, धर्मशाळेत राहून उपचार घेणाऱ्या बाईचे त्यामुळे दोन आठवडे वाचतात. त्यानंतर तिला पुष्कळदा पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी, पहिली काही वर्षे ठरावीक महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी एवढे सांभाळावे लागते.